शिकारबंदीच्या सभेतला हुंदका

समजा, तुम्हाला एका मंत्रीबाईंचं भाषण हातांनी बोलायचं आहे. मंचाच्या कडेला एक लाकडी ठोकळा ठेवलेला असतो, त्यावर उभं राहायचं. अंगात साधा गडद सदरा. बांगडी नाही, अंगठी नाही, नखांना रंग नाही, कारण बघणाऱ्याची नजर तुमच्या बोटांवरून घसरता कामा नये. बाई बोलू लागल्या म्हणून लगेच हात उचलायचे नाहीत. वाक्य कोणीकडे वळतंय ते कळेपर्यंत एक श्वास मागे राहायचं, आणि मग कानांनी पुढचं ऐकत हातांनी मागचं सांगत जायचं. प्रश्न आला की भुवया उचलायच्या, टोमणा आला की ओठाचा एक कोपरा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट अशी, की बाई जेव्हा म्हणतात, 'मी शिकारीच्या विरोधात आहे,' तेव्हा बोट त्यांच्याकडे करायचं नाही. ते स्वतःच्या छातीवर टेकवायचं. मी. त्यांचा मी, तुमच्या छातीवर. भाषण संपेपर्यंत तुमचा स्वतःचा मी तिथे नसतो. तो बाहेर जिन्यापाशी कुठेतरी तुमची वाट बघत उभा असतो.

करून बघा एकदा. हातांच्या आधी छाती दमते.

तिला मात्र हे जमायचं. सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दाखवत तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ऐकू न येणाऱ्यांसाठी एक गोल खिडकी असे, आणि त्या खिडकीत ती. अर्थमंत्री ती, विरोधी पक्षनेता ती, मागच्या बाकावरून उगाच उठून गोंधळ घालणारा सदस्यही तीच. एकाच दुपारी ती सरकार पाडायची आणि सावरायचीही. ऑफिसची गाडी चालवणारे काका तिला हातबाई म्हणत. "हातबाई, आज तोंड आणलंय ना घरून? नाहीतर चहा सांगताना खुणा करत बसाल." ती काही न बोलता हवेतच कप धरायची, फुंकर मारायची, चटका बसल्यासारखं बोट झटकायची. काका रोज हसायचे, जणू पहिल्यांदाच बघताहेत.

हे हात तिला दादामुळे मिळाले. दादाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि ती त्याच्या पाठची. आई सांगायची, ही बोलायच्या आधी खुणा करायला लागली. 'आई' म्हणण्याआधी हिने पाणी मागितलं ते अंगठा ओठाला लावून. बहीणभावाची ती भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. ओट्याखाली, पलंगाखाली, जेवताना ताटाच्या आडून ती वाढत गेली. पुढे तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिल्या, प्रमाण खुणा शिकली. पण झोपेत तिचे हात हलत ते घरच्याच खुणांत. तिच्या स्वप्नांत सगळेच हातांनी बोलत. बसमधले प्रवासी, दवाखान्यातले डॉक्टर, आरशातली ती स्वतः. कधी कधी झाडंसुद्धा बोलत, पण ती फार वेळ लावत आणि वाक्य अर्धवट राहून जाग यायची.

दादा शहराच्या कडेला राहायचा. तिथे घरं संपून मक्याची शेतं सुरू होत. शेतात रानडुकरं शिरली की लोक त्याला बोलावून नेत आणि तो कुत्री घेऊन जायचा. ज्याला चाहूलच लागत नाही तो शिकार कशी करतो, असं नवीन माणसं विचारत. तो कुत्र्यांकडे बघायचा. कान कुठे वळले, शेपूट कुठे थांबली, पाठीवरचे केस कधी उभे राहिले. कुत्री ऐकत आणि तो कुत्र्यांना वाचत असे. कुत्र्यांना नावंही होती, पण ती तोंडाने घ्यायची नव्हती. एकीचं नाव म्हणजे हनुवटीखाली दोन बोटांचा हलका स्पर्श. पिल्लू असताना ती दादाच्या तिथेच नाक खुपसून झोपायची म्हणून. माहेरी गेली की ती कुत्री हातबाईच्या पायांवर येऊन पडायची, आणि रात्रभर पाय जड, उबदार राहायचे.

आणि मग मंत्रीबाईंचं विधेयक आलं.

बाईंकडे जंगल खातं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि त्या ते साधेपणाने मांडत. आवाज चढवायच्या नाहीत, बोट नाचवायच्या नाहीत. "शिकारीला खेळ म्हणतात," त्या सभागृहात म्हणाल्या, "पण खेळ म्हणायचा तर आपण खेळतोय हे दोन्ही बाजूंना ठाऊक हवं ना?" फासे आणि सापळे बंद, कारण फाशात अडकलेला प्राणी मरत नाही, मरायची वाट बघतो. कुत्री सोडून शिकार बंद. पिकांत शिरणारी डुकरं मारावीच लागली तर खात्याचे नेमबाज मारतील. जीव घ्यायचाच असेल तर तो एका गोळीत जावा, दातांत लोंबकळत जाऊ नये. ट्रकमध्ये कोंबून नेलेल्या गुरांना वाटेत पाणी द्यावं लागेल. कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीला बांधणं हाही गुन्हा ठरेल.

"बाई, तुम्ही मटण खाता का?" समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं.

"खाते की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर जीव कसा जातो याची चौकशी मी करायची. जो खातच नाही त्याला काय पडलंय?"

सभागृह हसलं. गोल खिडकीत ती दोन्ही बाजूंनी हसली, आधी टोमणा मारणाऱ्यासारखी, मग टोमणा परतवणाऱ्यासारखी. ही वाक्यं तिच्या हातांना आवडत होती. काही भाषणं हातांत वाळूसारखी येतात, काही पाण्यासारखी. बाईंची भाषणं पाण्यासारखी येत, आणि ती घरी गेल्यावरही हातांवरून ओघळत राहत.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमच्या दादांनी आज टीव्हीवर टॉवेल टाकला."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही आमची कुत्री बंद करताय म्हणे."

सुट्टीच्या दिवशी ती गेली. दादा अंगणात कुत्र्यांचे पट्टे तेल लावून मऊ करत बसला होता. त्याने पट्टा खाली ठेवला आणि तेलकट हातांनीच सुरुवात केली.

'तू म्हणालीस.'

'मी नाही. बाई म्हणाल्या.'

'मी बघितलंय. बोट तुझ्या छातीवर होतं.'

'दादा, माझं काम कसं असतं ते तुला माहीत आहे.'

'माहीत आहे. हवामान सांगतेस तेव्हाही बघतो मी. पाऊस पडेल असं सांगताना तुझा चेहरा एवढा फुललेला नसतो.'

वहिनी दारातून ओरडली, "काय ते एकदाचं मला सांगा तरी! दोघं नुसते हात आपटताय आणि तिकडे माझी भाजी करपतेय."

मंत्रीबाई गावोगाव सभा घेऊन लोकांचं म्हणणं ऐकत होत्या. पुढची सभा इथेच, बाजारामागच्या हॉलमध्ये होती. दादा म्हणाला, मी येणार. उभा राहून बोलणार. तिने ऑफिसात जाऊन सांगितलं, की बोलणारा माझा सख्खा भाऊ आहे, तेव्हा मला या सभेला पाठवू नका. पण तिची जोडीदारीण मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी बसली होती आणि तिसरं माणूस नव्हतं. "तुम्ही काच आहात असं समजा," बाईंचे सचिव म्हणाले. "काचेला कुठे नातं असतं?"

तिने ते तसंच दादाला सांगितलं.

'ठीक. मग माझंही काचेसारखंच,' तो म्हणाला. 'मी सांगेन तेवढंच. एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही. आजवर मी कोणासमोर बोललो तो तुझ्या तोंडाने. दुकानात, बँकेत, मुलगी बघायला गेलो तिथेसुद्धा. तुझ्या वहिनीला हो म्हणणारा आवाज तुझा होता. त्यात कधी भेसळ केली नाहीस. उद्या केलीस तर मला पुन्हा तुझ्या तोंडाने बोलता येणार नाही.'

'नाही करणार,' ती म्हणाली.

हॉल लांबट होता, उंचावर खिडक्या होत्या आणि दुपारचं ऊन तिथून तिरकं खाली उतरून खुर्च्यांवर पडत होतं. उन्हात धूळ तरंगत होती. पंखे हळू फिरत होते, जणू पाण्याखाली. पुढच्या रांगेत दादा आणि त्याच्यासारखे ऐकू न येणारे काही जण, मागे शेतकरी, शिकारी, हाताची घडी घातलेले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही तरुण मुली एका कोपऱ्यात फलक घेऊन उभ्या होत्या आणि एक म्हातारे आजोबा त्यांना, "पोरींनो, बसा गं, पाय दुखतील," म्हणून खुर्च्या देत होते.

मंत्रीबाई बोलल्या. ती बोलली. बाईंचं भाषण तिच्यातून वाहत पुढच्या रांगेपर्यंत गेलं, आणि दादा ते एकटक बघत राहिला. या वेळी तिने चेहरा सपाट ठेवला होता, हवामान सांगतात तेवढा.

मग दादा उभा राहिला.

आता उलटी वाट. ती ठोकळ्यावरून उतरली, हातात माईक घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या हातांकडे बघत मोठ्याने बोलू लागली. "मी रानडुकरं मारतो. मला ऐकू येत नाही. माझी कुत्री म्हणजे माझे कान आहेत. बाई, तुम्ही कायद्याने माझे कान काढून घेताय."

मागून टाळ्या आल्या. तिच्याच तोंडचं वाक्य तिच्याच पाठीवर आपटून परत आलं.

"तुमचा नेमबाज लांबून गोळी घालतो. नीट लागली तर ठीक. नाही लागली तर जखमी डुक्कर झुडपात शिरतं. आत कोण जाणार? मी जातो. माझी कुत्री जातात."

"हे खरं आहे," मंत्रीबाई म्हणाल्या, आणि तिने माईक खाली घेऊन हात उचलले. 'हे खरं आहे. असं होतं आणि मला ते सलतं. म्हणून जखमी जनावर शोधायला पट्ट्यातलं एक कुत्रं चालेल, एवढी सूट मी ठेवली आहे. पण शोधणं वेगळं आणि अंगावर सोडणं वेगळं. डुक्कर जीव तोडून लढतं. समोर कुत्रं असतं, तुम्ही नसता.'

दादाने मान हलवली, कबूल म्हणून नाही, पुढे बोला म्हणून.

ती आता कधी बाई होती, कधी दादा. मी म्हणते, मी म्हणतो. छातीवर बोट, मग ओठांशी माईक. दोघांचं भांडण तिच्या अंगातून ये-जा करत होतं. मध्येच तिला वाटलं की आपण जागे नाही. ऊन, धूळ, पाण्याखालचे पंखे आणि आपल्यातून चालत जाणारी दोन माणसं. या जागेत आपण यापूर्वी झोपेत येऊन गेलोय.

"तुमची कुत्री नेहमी सुखरूप परत येतात का?" बाईंनी विचारलं.

तिने विचारलं. भुवया उंचावून, जेवढ्या उंचावायच्या तेवढ्याच.

दादाचे हात थांबले. मग म्हणाले, "नेहमी नाही. गेल्या हंगामात एक गेली." आणि त्याने तिचं नाव घेतलं. हनुवटीखाली दोन बोटं.

तिने तोंड उघडलं आणि तिथे शब्दच नव्हता. हे नाव आजवर कोणी तोंडाने घेतलंच नव्हतं. ती कुत्री गेली हेही तिला ठाऊक नव्हतं. घरी कोणी बोललं नव्हतं, आणि त्या दिवशी अंगणात पट्टे मोजावेत असं तिला सुचलं नव्हतं. हॉलमध्ये लोक वाट बघत होते.

"एक कुत्री," ती म्हणाली. "तिचं नाव... तिचं नाव आवाजात नाही."

दादाचे हात पुढे निघाले होते. सायकलचं पंक्चर कसं काढतात ते सांगावं तसे कोरडे, नेमके हात. तिने मागोमाग धाव घेतली. "डुकराने तिला उचलून आपटलं. पोट फाटलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी सुरी काढली आणि तिला मोकळं..."

आणि तिचा आवाज फुटला. माईक ओठांशीच होता. तो हुंदका भिंतींवरच्या कर्ण्यांतून सगळ्या हॉलभर गेला, खिडक्यांपर्यंत चढला आणि तिथल्या उन्हात विरला. "...केलं," ती कशीबशी म्हणाली. "कामात होतं असं."

हाताच्या घड्या सुटल्या. फलकवाल्या मुलींतली एक रडू लागली. मंत्रीबाई मंचावरून उतरून आल्या आणि त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजत राहिल्या. त्या बाईंच्या बाजूच्या टाळ्या होत्या, हे कोणालाही कळलं असतं.

दादाला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. त्याला चेहरे दिसत होते. तो एकेक चेहरा वाचत गेला आणि प्रत्येकावर त्याला आपली कीव दिसली. शेवटी तो बहिणीच्या चेहऱ्यापाशी आला. तिचे गाल ओले होते.

'मी रडलो नव्हतो,' त्याचे हात म्हणाले. 'तू माझ्या नावावर रडलीस.'

हे तिने मोठ्याने सांगायला हवं होतं. एक बोट कमी नाही. तिने सांगितलंही, पण टाळ्यांत ते कोणाच्या कानी गेलं नाही. आणि दादाने डोळे मिटले.

तुमच्याआमच्यात रागावलेला माणूस तोंड फिरवतो, फोन ठेवतो, दार आपटतो. त्या दोघांत एकच दार होतं. लहानपणी भांडण झालं की तो डोळे मिटून घ्यायचा, मग समोर तिने कितीही हात हलवले, पाया पडली, माकडासारख्या उड्या मारल्या तरी सगळं फुकट. मात्र तेव्हा तो थोड्या वेळाने एक डोळा किलकिला करून बघायचा. आता तो मोठा माणूस होता.

मागच्या खोलीत मंत्रीबाई पाणी पीत बसल्या होत्या. "तुमचे बंधू फार हळवे आहेत हो," त्या म्हणाल्या.

"बाई, तो हुंदका माझा होता. त्याचा नव्हता. तो कोरडेपणानेच सांगत होता."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "असं आहे तर."

"तुम्ही सभागृहात तो वापरू नका. शिकारी रडला, असं म्हणू नका. तो रडला नाही."

"लोकांनी ऐकलंय त्याला रडताना."

"त्यांनी मला ऐकलंय."

"माझे वडील शिकारी होते," बाई म्हणाल्या. "माझ्या अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला हरणाचं मुंडकं होतं. मी पाढे म्हणायची ते त्याच्या काचेच्या डोळ्यांकडे बघत. वडील एकदाही, कशासाठीही हळहळले नाहीत. मी आज जो हुंदका ऐकला ना, त्याची मी पोरवयापासून वाट बघत होते. आणि तुम्ही म्हणता तो परत द्या."

"हो," ती म्हणाली. "परत द्या."

"बघू," मंत्रीबाई म्हणाल्या. राजकारणातल्या माणसाच्या 'बघू'वर विसंबू नये हे ती इतक्या वर्षांत शिकली होती.

विधेयकावर शेवटची चर्चा झाली त्या दिवशी ती गोल खिडकीत होती. बाईंनी त्या सभेचं सांगायला सुरुवात केली. बाजारामागचा हॉल, जखमी डुकराचा प्रश्न, एक शिकारी, ज्याला ऐकू येत नाही. तिचे हात एक श्वास मागे चालत होते. बाई थांबल्या. चष्मा काढून पुसला. कोपऱ्यातल्या त्या ठोकळ्याकडे त्यांची नजर गेल्यासारखी वाटली. "त्या शिकाऱ्याने मला जे सांगितलं," त्या म्हणाल्या, "ते त्याचं आहे. मी माझं सांगते." आणि त्यांनी हरणाच्या काचेच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. विधेयक थोडक्या मतांनी मंजूर झालं. या हंगामानंतर कुत्री सोडून शिकार करता येणार नव्हती.

ही गोष्ट दादाला सांगायची कशी? तो टीव्ही बघत नव्हता. ती घरी गेली की तो भिंतीकडे तोंड करून निजायचा. हात धरून हलवलं तर उठून बसायचा, पण डोळे मिटलेले. "नवरा आहे म्हणून सांगते," वहिनी म्हणाली, "गाढवालासुद्धा एवढा हट्ट शोभत नाही. घ्या हा डबा, ते शेतावर आहेत. भुकेला डोळे उघडावेच लागतात."

मक्याच्या कडेला, बांधावरच्या झाडाखाली दादा बसला होता. सोबत एकच कुत्री होती, सगळ्यांत म्हातारी, गेलेलीची आई. ती पाय ताणून झोपली होती. शेतमालकाने डुकरांचा माग दाखवून ठेवला होता आणि दादा वाट बघत होता. बहीण आलेली त्याने बघितली, सावलीत सरकून तिला जागा दिली, आणि पुन्हा मक्याकडे बघू लागला. तिच्याकडे नाही.

ती बसली. दुपार टळत आली होती आणि ऊन मधासारखं दाट झालं होतं. मक्याची पानं एकमेकांवर घासून काहीतरी सांगत होती, सावकाश, तिच्या स्वप्नातल्या झाडांसारखी. तिचे डोळे जड झाले. वारा पडला, आणि पानं थांबली तरी आवाज थांबला नाही.

मक्यात कोणीतरी चालत होतं. जड पावलं, मग थांबणं, मग जमीन उकरल्याचा आवाज. आणि त्यामागून बारीक, कुरकुरणारे, घाईघाईचे आवाज. पिल्लं.

आजवर जे तिच्या कानांत आलं ते तिने दादाच्या डोळ्यांपर्यंत नेलं होतं. कुकरची शिट्टी, दाराची कडी, शेजारच्यांचं भांडण, ढगांचा गडगडाट. विचार करायची गरजच नसायची, हात आपोआप उठायचे. या वेळी ते मांडीवरून उठले नाहीत. तिने ते अडवून धरले असंही नाही. ते तिथे होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

मग म्हाताऱ्या कुत्रीचा एक कान वळला. मग दुसरा. ती उठून उभी राहिली, पाठीवरचे केस ताठ, आणि दादाचा हात तिच्या मानेवर गेला. त्याने कुत्रीकडे बघितलं, मक्याकडे बघितलं, आणि सभेनंतर पहिल्यांदाच बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे दचकणं नव्हतं. त्याला कळलं.

'कधीपासून?' मोकळ्या हाताने त्याने विचारलं.

'मघापासून.'

'पिल्लं आहेत?'

'आहेत.'

हंगाम अजून संपला नव्हता. कायदा लागू व्हायचा होता. शेतमालक वाट बघत होता आणि कुत्री थरथरत होती, मानेवरचा तळवा उचलला जायची खोटी. मक्यातून डुकरीण बाहेर आली. चिखलाने माखलेली, कशाचीच घाई नसलेली, आणि तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, उन्हात एकमेकांना ढुशा देत. ती बांध ओलांडून पलीकडच्या झुडपांत गेली. शेवटचं पिल्लू मध्येच थांबलं, काहीतरी हुंगलं, आणि मग धावत सुटलं.

दादाचा तळवा कुत्रीच्या मानेवर होता तिथेच राहिला.

मग त्याने डबा उघडला, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. 'तुझ्या वहिनीला सांग, भाजीत मीठ घालायची पद्धत आहे.'

'तूच सांग.'

'मला कुठे बोलता येतं? तू सांग माझ्या वतीने. जसंच्या तसं. ओरडून.'

ती हसली, आणि हसता हसता तिने विचारलं, 'का नाही सोडलीस तिला?'

'म्हातारी झालीये,' दादा म्हणाला. कोरड्या, नेमक्या हातांनी. पुढे त्याने मक्याचं सांगितलं, छप्पर गळतंय त्याचं सांगितलं, आणि उद्या तालुक्याच्या कचेरीत चल म्हणाला, बोलायला. खात्याला जखमी जनावरं शोधणारा माणूस हवाय म्हणे, पट्ट्यातलं एक कुत्रं घेऊन.

आता हातबाई पुन्हा ठोकळ्यावर उभी असते. कधी रस्ते, कधी शाळा, कधी वीज. कोणाकोणाचे मी तिच्या छातीवर येऊन जातात. कचेरीत दादाच्या वतीने ती बोलली तेव्हा एक बोट जास्त झालं नाही, एक कमी नाही. पण मधेच कधीतरी, दोन वाक्यांच्या मधल्या त्या श्वासात, तिला ती दुपार दिसते आणि थरथरणाऱ्या मानेवरचा तो तळवा दिसतो. त्याने सांगितलं होतं की मी रडलो नाही, आणि तिने ते मानलंय. हातांनी त्याने खरंच काही सांगितलं नव्हतं. पण माणसाजवळ असलेलं सगळंच त्याच्या हातांत येतं असं थोडंच आहे? तिला त्याला एकदा विचारायचं आहे, आणि विचारायला गेली की हात उठत नाहीत: त्या दिवशी माझ्या तोंडून जो हुंदका बाहेर पडला, दादा, तो तुझा अजिबातच नव्हता का रे?